नेहमीच्या वस्तू

होबार्टच्या त्या दोन खोल्यांत एकत्र राहायला लागल्यापासून टॅम्सिन आणि लॅकलन पहिल्यांदाच महिन्याच्या किराण्याला कात्री लावायला बसले होते.

"माझं चीज बंद, तुझी बिअर बंद," टॅम्सिनने फर्मान काढलं.

"आणखी किती त्याग करू गं मी?"

"त्याग? तू? मांजराने तुला शिंका येतात म्हणून माझा म्हातारा बोका पिकल जॉर्जीकडे ठेवून आले मी! सार्डिन मासळीशिवाय कशाला तोंड लावत नाही तो. बिचारी मैत्रीण म्हणून सांभाळतेय."

"बरं बाई, बिअर बंद!" हात जोडत लॅकलनने बॅग उचलली आणि दर गुरुवारसारखा फुटबॉलच्या सरावाला पळाला.

टॅम्सिन हसली. खरेदी कायम तोच करायचा, त्यामुळे दोघांच्या सामायिक खात्याचं दुकानाचं ॲप तिने आज पहिल्यांदाच उघडलं. 'तुमच्या नेहमीच्या वस्तू' अशी यादी समोर आली. दूध, पाव, व्हेजिमाइट, चहा. तिने बोटाने यादी वर सरकवली.



'म्हाताऱ्या मांजरांसाठी सार्डिन, दोन डबे. तुम्ही दर गुरुवारी घेता. आजही घ्यायचे?'