गळलेली ओळ

नर्सिंग कॉलेजच्या वर्गात गायधनी मॅडम औषधांवर बोलत होत्या. स्लाइड्स त्यांनीच घरी बसून केल्या होत्या, पण वर्गातला पडदा मुलींच्या नजरा वाचायचा आणि लक्ष उडवणारा मजकूर आपोआप गाळायचा. दोन वर्षांत एकही मुलगी जांभई देताना दिसली नव्हती.

आज चष्मा घरी राहिल्याने मॅडम पडद्याऐवजी आठवणीतून शिकवत होत्या. "पोटॅशियम थेट शिरेत कधीही टोचायचं नाही, सलाइनमध्ये मिसळून हळूहळू द्यायचं. थेट टोचलं तर पेशंटचं हृदय थांबतं," त्या म्हणाल्या.

पहिल्या बाकावरच्या ऋग्वेदाने हात वर केला. "मॅडम, पण हे स्लाइडवर नाहीये."

मॅडम पडद्याजवळ गेल्या. ती ओळ त्यांनी लाल अक्षरांत लिहिली होती. तिथे आता हसऱ्या हृदयाचं चित्र होतं. मुलींना भीती वाटली, की त्यांची नजर वळते आणि पडदा ती ओळच गाळतो, हे मॅडमना तेव्हा उमगलं. गेल्या वर्षी तर त्या पडद्यावर येईल तेवढंच वाचून दाखवत होत्या.

त्या वर्गातल्या मुली आता वॉर्डात ड्यूटीवर होत्या. मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या त्यांच्यातल्या प्रणाली नावाच्या मुलीला फोन लावला.

"पोटॅशियम कसं देतेस गं?"

"आत्ताच भरलंय सिरिंजमध्ये, मॅडम. थेट शिरेतच टोचतात ना?"

"खाली ठेव. आधी खाली ठेव ते!"

ट्रेमध्ये काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. "ठेवलं," प्रणाली घाबरून म्हणाली. "पण मॅडम, मघाशीच आमच्या वर्गातली रेवती सात नंबरच्या खाटेवरच्या आजींना असंच देऊन गेली."