एका मताने

अ‍ॅसाहेल बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरला. जिंकलो, जिंकलो म्हणत त्याने धुतलेल्या जमिनीवर चिखलाची पावलं उमटवली. मागोमाग नवे पाद्री लॅदम आले, बॉस्टनहून शिकून आलेले, तरुण. त्यांनी निदान पायपुसण्यावर बूट घासले.

केझायाने नवऱ्यापुढे आणि पाहुण्यापुढे मक्याचा पाव आणि काकवी ठेवली, आणि फडकं घेऊन खाली बसली. वर्षभर गावाला दुसरा उद्योग नव्हता. देव एक, की एकात तीन? माणूस जन्मतःच पापी, की निष्पाप? चर्चमध्ये जुनेच पाद्री ठेवायचे, की देव एकच आणि माणूस निष्पाप म्हणणारे हे युनिटेरियन आणायचे? आज सभेत एकदाचं मतदान झालं. बायकांना मत नव्हतं. त्यांना चिखल होता.

"एका मताने," अ‍ॅसाहेल हसत म्हणाला. जुन्या पाद्रींच्या बाजूचे दोघे मार्श बंधू पुलापाशी अडकले, गाडीचं चाक रुतलं. ते धापा टाकत पोचले तोवर हात मोजून झाले होते. हे सांगताना त्याला हसू आवरेना.

केझायाचा हात थांबला. बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळाचं काय होतं, असं तिने पाद्रींना विचारलं.

"बाई, तान्हं मूल निष्पाप असतं," लॅदम मऊ आवाजात म्हणाले. "ते देवापाशीच आहे. नरकबिरक मनातून काढून टाका."

तिचं बाळ पुरताना जुन्या पाद्रींनी नेमकं उलट सांगितलं होतं, तेही इतक्याच खात्रीने. तेव्हापासून रोज चूल पेटवताना तिला ज्वाळांत ते लेकरू दिसायचं. वीस वर्षं. आणि हा पोरगेला माणूस बोटावरची काकवी चाटत म्हणतो, काढून टाका. तिला रडू यायला हवं होतं. आला तो संताप.

"म्हणजे चाक रुतलं म्हणून माझं लेकरू सुटलं," ती म्हणाली.

सत्य काही मतांवर ठरत नाही, असं लॅदम घाईघाईने सांगू लागले.

"मग मतं कशाला घेतलीत?"

अ‍ॅसाहेलने आणखी पाव मागितला. तिने दिला नाही. उठून तिने दार उघडलं आणि पुलाकडे जाणारा चिखलाचा रस्ता बघत उभी राहिली.

"पुढची सभा जूनमध्ये ना?" ती म्हणाली. "तेव्हा रस्ता कोरडा असतो."