सासूबाईंची बरणी

“ओल्या हातानं बरणीला शिवू नकोस गं!” सासूबाई गेल्या, पण त्यांचा आवाज सुनेच्या कानात मुरून राहिला होता. तिनं हात कोरडे केले, लिंबाच्या फोडींतली बी न् बी वेचली आणि त्या फोडी सासूबाईंच्याच खारात सोडल्या. त्यांच्या हातच्या लोणच्याशिवाय सासऱ्यांना घास उतरत नसे, म्हणून ती बरणी रिती होऊ देत नव्हती.

जेवताना सासऱ्यांनी फोड तोंडात घोळवली.

“आईंच्या हातचंच आहे, बाबा. पुष्कळ उरलंय अजून,” ती ताटाकडे बघत म्हणाली.

“तिला चष्मा लावायचा कंटाळा होता. बिया दाताखाली आल्या की मी कुरकुरायचो.” ते हसले. “कित्येक दिवसांत एकही बी लागली नाही, सूनबाई. वाढ अजून एक फोड. तुझ्या हातचं केव्हापासून आवडतंय मला.”