पायाचा रस्सा

कीर्तन संपलं, माणसं पांगली, तशी ठकूबाई भिंतीला धरत धरत पुढं आली. तीस वर्षं गळ्यात असलेली तुळशीची माळ तिनं काढली आणि महाराजांच्या हातात दिली. देताना तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

"ठकूमावशी, हे काय आरंभलंय?"

"बकऱ्याच्या पायाचा रस्सा प्यायचा हाय, म्हाराज. सोनईचा डागदर म्हनला, हाडांतला चिकटा पोटात गेला की गुडघं वाकाय लागत्यात. माळ घालून कसा पिऊ?"

महाराज हळहळले. "अहो, गुडघ्यांपायी माळ सोडता? कीर्तनाची कॅसेट देतो, खाटेवर बसून ऐका. देव काही रुसायचा नाही."

"त्यो कशाला रुसंल? इटंवर हुबं ऱ्हाऊन त्याचं बी गुडघं भरून आलं असत्याल." ठकूबाई हसली, पण हसू ओठांवरच विरलं.

"मग गुडघ्यांसाठी एवढा आटापिटा कशाला?"

"जावई गेलं, तवापासनं शेवंता माझ्याकडंच हाय. तीन म्हयनं झालं, पोरीच्या डोळ्यांत टिपूस न्हाई. ल्हानपनापासनं ती रडली, ती माझ्या मांडीवर डोकं ठिऊनच. आन मला मेलीला आता मांडीच घालता येत न्हाई." तिनं पदर डोळ्यांना लावला. "रोज दिवेलागणीला खाटंपाशी येती, म्हाराज. ह्या ताठल्याल्या पायांकडं बघती, आन मुकाट माघारी जाती."