फवाऱ्याची पांढरी दारं

"हेही गेलं," मेहुणा म्हणाला. लाकडाला चमक देणारं लॅकर फवारायची गन खाली ठेवून तो खोकत राहिला.

दाजींनी कपाटाचं दार उजेडाकडे वळवलं. चकाकायला हवं तिथं साय धरल्यासारखा पांढुरका थर. रंगाच्या बंद खोलीत हवा दमट झाली की हेच होतं. लॅकरमधला थिनर उडताना लाकूड गार पडतं आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं.

"दुसऱ्या पाळीची दारं आरशासारखी निघतात. खोली तीच, लॅकर तेच. माझ्याच वाट्याला हे का, दाजी?"

"तुला घाम फार येतो."

"थट्टा पुरे! अख्खा कारखाना मला फवारा म्हणतो. आता पॅकिंगला बसून खोक्यांना दोऱ्या बांधू?"

पुन्हा खोकल्याची उबळ आली. दाजींनी पाण्याची बाटली पुढे केली.

सुपरवायझर म्हणून त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? हीटर बदलला, फटींना रबर लावलं, दमटपणा मोजणारं यंत्रही नवं आणलं. पाठ पार मोडून गेली होती. घरी गेलं की बायकोचा एकच प्रश्न, "माझ्या भावाचं काय केलंत?" आज डबा हातात देताना तर तिचे डोळे भरून आले. "आज काय तो सोक्षमोक्ष लावा. त्याचा खोकला मला आता ऐकवत नाही."

मालक दारातूनच बोलले, "ही शेवटची खेप. पांढरी पडली तर फवारा उद्यापासून पॅकिंगला."

"पगार?" दाजींनी विचारलं.

"तोच. पण गनला हात लावायचा नाही."

मालक गेले. मेहुण्याचा चेहरा एवढासा झाला.

"जा, चहा घेऊन ये," दाजी म्हणाले. "तोवर मी खोली तयार करतो."

"आता तुमच्यावरच भिस्त आहे, दाजी."

"माहीत आहे रे. जा."

खोकला जिन्यावरून खाली खाली जात ऐकू येईनासा झाला. दाजींनी यंत्राकडे पाहिलं. हवा कोरडी होती, लॅकरला हवी अगदी तशी. त्यांनी थकून सुस्कारा सोडला, दाराला आतून कडी घातली आणि रोजच्यासारखं हवा आत येण्याच्या जाळीवर बादलीभर पाणी ओतलं.