भाऊबीजेचा पाट

बनाबाईचा अंगठा काही मशीनवर उमटेना. तीनदा दाबला, तिन्ही वेळा पडदा कोराच. जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या हाताला रेषा राहणार तरी किती?

"आजी, ओल्या फडक्यानं बोट पुसा आणि जरा बसा," निबंधक कार्यालयातला ऑपरेटर म्हणाला.

"बसतो ना बापा. मले कुठं गाडी पकडायची हाय?"

ती बाकावर बसली आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं तिनं मांडीवर घेतलं. आत पाट होता. चाळीस वर्षं ह्याच पाटावर धाकट्या भावाला, रामरावाला, बसवून तिनं भाऊबीजेला ओवाळलं होतं. आज सकाळी दुसरबीडच्या घरातून निघताना भावजयीनं, रुखमाबाईनं, तो तिच्या हातात दिला.

"बीज त मी इथंच येऊन करतो. मंग पाट काऊन देतं वं मले?" बनाबाईनं विचारलं होतं.

"राहू द्या ताई तुमच्याजवळ. घरात रंगाचं काम काढलं. सामान सारं इकडचं तिकडं होते." रुखमाबाई हे भिंतीकडे बघत बोलली.

भिंती खरंच मोकळ्या होत्या. आईचा फोटोसुद्धा उतरवला होता. रंग द्यायचा म्हटलं की तो उतरवावाच लागतो.

आज हक्कसोड होती. बापाचं चार एकर शेत आणि गावातलं घर, ह्यातला आपला अर्धा वाटा बनाबाई भावाच्या नावे सोडत होती. तिला कोणी बळजबरी केलेली नव्हती. उलट तिची लेक पूनम आठ दिवस फोनवर भांडत होती.

"आई, कायद्यानं हाय तो वाटा तुया."

"कायदा दिवाळीले बलावत नाही, पोरी."

बनाबाई काही भोळीभाबडी नव्हती. तिच्या सासरच्या गावात, जानेफळात, शेजारच्या जनकाबाईनं कोर्टातून दीड एकर मिळवलं होतं. शेत आलं आणि माहेर गेलं. आता भाऊबीजेला जनकाबाई अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते आणि दार लावून घेते. बनाबाईला ते नुसतं ऐकूनही सहन होत नसे.

नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. लेक लांब दिलेली. वर्षाचे सगळे दिवस ती कुणाची आजी, कुणाची मावशी होती. दिवाळीचे चार दिवस मात्र बापाच्या ओट्यावर बसली की गल्लीतल्या म्हाताऱ्या तिला 'बनी' म्हणून हाक मारायच्या. त्या चार दिवसांसाठी दोन एकर गेले तर गेले!

रामराव चहा घेऊन आला. साठीचा गडी, पण सकाळपासून डोळे लाल.

"ताई, मनापासून देऊन राह्यली ना? अजूनबी सांग."

"येडा हायेस का बे रामा? मले दिवाळीचे चार दिवस पाहिजे, बाकी तू पाय. घर काय पळून चाल्लं?"

रामरावानं चहाचा कप तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "गोपाल लय मागं लागला. म्हणते, पुण्याले चला."

"मंग जाऊन ये ना. पोराले, नातीले भेटून ये."

चहाचे पैसे खामगावच्या पाहुण्यानं दिले होते. पांढऱ्या गाडीतून आलेला तो अबोल माणूस. "वळखीचे हायेत, त्याइचंबी इथं काम हाय," एवढंच रामराव म्हणाला होता. पाहुण्यानं बनाबाईला वाकून नमस्कार केला. माणसाला रीत आहे, असं तिला वाटलं.

ह्या खेपेला अंगठा उमटला. ओळख पटवायला गावचे दोघे आणले होते, माणिकराव आणि हरिओम.

"या आजींना ओळखता?" निबंधक साहेबांनी विचारलं.

"वळखतो म्हणजे? हिनं मले कडेवर खेळवलं, साहेब," माणिकराव म्हणाला, आणि सगळे हसले. हरिओमनंही मान डोलावली.

"आजी, राजीखुशीनं हक्क सोडताय?"

"हाव. एकदम राजीखुशीनं."

फोटो काढताना तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. रामराव मात्र कोपऱ्यात तोंड फिरवून दुपट्ट्यानं डोळे पुसत होता. ते बघून बनाबाईचं काळीज सुपाएवढं झालं. भाऊ आपल्यासाठी रडतो, अजून काय पाहिजे? पूनमला आज फोन करून हे सांगायचंच, असं तिनं ठरवलं.

तेवढ्यात हरिओमला घरून फोन आला. म्हैस अडली होती. तो मोटरसायकलवर टांग टाकून गेलासुद्धा.

दहा मिनिटांनी कागद लिहिणारा भागवत बाहेर डोकावला. "रामराव, तुमच्या दुसऱ्या कागदाचा नंबर लागला. वळख द्यायले एक माणूस कमी हाय."

"दुसरा कोन्ता कागद?" बनाबाईनं विचारलं.

"हाय असाच एक," रामराव पुटपुटला.

"मंग आजी हायेत ना! आधार कार्डबी जवळ हाय त्याइच्या," भागवत म्हणाला.

"ताईले नको!" रामराव जवळजवळ ओरडलाच. "हरिओमले फोन लावतो मी. थांबू आपण."

बनाबाई उठली. गाठोडं काखेत मारलं.

"काऊन नको? तो तिकडं म्हशीपाशी बसला. भावाची वळख बहिणीनं नाही द्यावं त कोणी द्यावं?"

आणि रामराव मागून येईपर्यंत ती टेबलापाशी पोचलीही. समोरच्या खुर्चीत खामगावचा पाहुणा बसला होता. तो उठून उभा राहिला आणि त्यानं खुर्ची तिला दिली. तिनं पाट मांडीवर घेतला, फडक्याला अंगठा पुसला आणि मशीनवर धरला.

"थांबा आजी, आधी विचारावं लागतं," साहेब कागद उलटत म्हणाले. "हे रामराव दुसरबीडचं आपलं सगळं शेत आणि ओट्यासकट राहतं घर आज या खामगावच्या गृहस्थांना कायमचं विकत आहेत. तुम्ही ओळखता ना या रामरावांना?"