हलका हात

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "दोनच बीजं आहेत. तीही वाढलेली नाहीत."

मूल व्हावं म्हणून इंजेक्शनं सुरू करून अकरा दिवस झाले होते. मध्ये एकदा डोसही वाढवला होता. एवढ्या औषधावर आठ-दहा बीजं तरारून यायला हवी होती.

"तुमचं शरीर औषधाला दाद देत नाहीये," त्या सुनेला म्हणाल्या. "ही खेप इथंच थांबवू. अडतिसावं चालू आहे, पुन्हा याच वाटेनं जाण्यात मला अर्थ दिसत नाही. दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचं असेल तर हा कागद. बाहेर बसा, वाचा, पटलं तर सही करा."

तिघं बाहेर बाकावर येऊन बसली. सून मध्ये, तिच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासू.

"भिजवला म्हणून खडा उगवत नसतो," सासू म्हणाली. "औषध बिचारं काय करणार?"

"आई, गप्प बस ना."

"मी गप्पच आहे. अकरा दिवस सुया दिल्या, त्याही गप्पच दिल्या. विचार तिला, एकदा तरी दुखलं का?"

"नाही दुखलं," सून म्हणाली.

दुखेल कसं? हात कुणाचा होता! आपल्या नवऱ्याला साखरेच्या आजाराची सुई बारा वर्षं सासूनंच दिली. टोचली, दाबली, काढली. तो पेपरातून मान वर करायचा नाही. आजूबाजूच्या बायका पोरांच्या पायातले काटे काढायला तिच्याच दारात यायच्या. म्हणून तर पहिल्या दिवशी इथली सिस्टर इंजेक्शनचं पेन दाखवायला लागली, तेव्हा सासूनं तिला मध्येच थांबवलं होतं. "तुझं वय असेल तेवढ्या सुया मी एका महिन्यात दिल्यात, बाई. मला नको शिकवूस." मुलाचा हात कापतो, सुनेला सुई बघवत नाही. घरात कामाचा हात एकच. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला ती पेन घेऊन उभी राहायची. वेळ एकदाही चुकवली नाही.

समोरच्या टेबलाशी तीच सिस्टर एका नव्या जोडप्याला शिकवत होती. हातात पेन, पुढ्यात स्पंजचा तुकडा.

"दाबलं की लगेच ओढायचं नाही हं. बटण दाबूनच धरायचं आणि सावकाश दहा मोजायचे. मग काढायचं. हे साध्या सुईसारखं नाही, यातलं औषध हळू उतरतं."

सासू उठली. टेबलाशी गेली.

"आणि कुणी लगेच काढलं तर?"

"तर औषध बाहेर येतं, आजी. पोटावर थेंब दिसतो."

"रोज दिसला तर?"

सिस्टर हसली. "मग रोज औषध पोटावर आणि पोटात नुसती सुई."

सासू हसली नाही. थेंब रोज दिसत होता. सुई काढली की सुनेच्या पोटावर टपोरा उभा राहायचा. जास्तीचं असेल, भांडं काठोकाठ भरलं की सांडतंच थोडं, असं म्हणून ती तो कापसानं टिपून घ्यायची. वर सुनेला म्हणायची, बघ, कळलं तरी का?

तिचे कान तापले. पन्नास वर्षांत कुणापुढे खाली न गेलेली मान आपोआप खाली गेली. कुणाला सांगायची गरज नव्हती. कापसाचे बोळे कचऱ्यात गेले होते. बाकावर मुलगा कागद वाचून संपवत होता. सुनेनं पर्समधून पेन काढलं, कागद हातात घेतला आणि त्याला विचारलं, "सही खालीच ना?"

सासूनं तिच्या हातातून कागद ओढून घेतला आणि डॉक्टरीणबाईंचं दार न वाजवता आत शिरली. मागोमाग ती दोघं धावली.

"औषध हिच्या अंगात गेलंच नाही," ती उभ्यानंच म्हणाली. "मी लगेच सुई काढायची. रोज. सांडलेलं कापसानं पुसायची. दोष हिचा नाही. माझा आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"मग हा रिपोर्ट धरताच येणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या पाळीला पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. सुई सिस्टर देईल."

मुलगा आईकडे बघत नव्हता. सासूला ते बरंच वाटलं. पण सून बघत होती आणि ती नजर सासूला झेपेना. कुणी ओरडलं असतं तर तिला उत्तर देता आलं असतं.

"तुला ओलं लागत नव्हतं का गं?" ती कशीबशी म्हणाली. "अकरा दिवसांत एका शब्दानं बोलली नाहीस."

"रोज लागायचं, आई," सून म्हणाली. "मला वाटलं, माझं अंगच औषध धरत नाही."